वाचक विचारतात : पाइपावरची लेव्हल नेमकी कुठली?

प्रश्न : मी सिव्हिल थ्री-डी या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सांडपाण्याच्या लाइनींची ड्रॉइंग्ज करते. एका पाइपाच्या वरच्या टोकाला लेबलवर लेव्हल, म्हणजे मीटरमधली उंची, ९७.४२० दिसते. साइटवरून निरोप आला, की पाइप बसवून लेव्हल घेतली तर ९७.७५० भरते, म्हणजे ३३ सेंटिमीटर वर. पाइप आतून ३०० मि.मी., भिंतीची जाडी ३० मि.मी. डिझाइन पुन्हा तपासलं, त्यात काही सापडत नाही.

उत्तर : सापडणार नाही, कारण पाइप जागेवरच आहे. तुमच्या दोन आकड्यांची वजाबाकी ०.३३० येते, आणि ३०० अधिक ३० म्हणजेही ३३०. लेबल सांगतंय इन्व्हर्ट, म्हणजे पाइपाच्या आतला तळ, जिथून पाणी वाहतं. साइटवरच्या माणसाने स्टाफ, म्हणजे लेव्हल मोजायची पट्टी, ठेवला पाइपाच्या डोक्यावर. त्याचं तरी काय चुकलं? बसवलेल्या पाइपाच्या आत हात घालून स्टाफ धरणार कसा? आणि लेबलवर नुसताच आकडा असेल तर तो कशाचा आहे हे त्याने ओळखायचं कशावरून?

एकाच टोकाला, एकाच पाइपाच्या इतक्या लेव्हल निघतात : बाहेरचा माथा ९७.७५०, आतला माथा म्हणजे क्राउन ९७.७२०, मध्य ९७.५७०, इन्व्हर्ट ९७.४२०, बाहेरचा तळ ९७.३९०. खाली १०० मि.मी. बेडिंग, म्हणजे पाइप टेकवायचा थर, असेल तर चराचा तळ ९७.२९०. डिझाइनवाल्याला इन्व्हर्ट लागतो, खोदणाऱ्याला चराचा तळ, आणि तपासणाऱ्याला बाहेरचा माथा. तिघांना एकच बिननावाचा आकडा दिलात तर फोन येणारच.

म्हणून पहिलं काम : सॉफ्टवेअरच्या टूलस्पेस या पॅनलच्या सेटिंग्ज टॅबमध्ये पाइपाच्या लेबल स्टाइलवर जा, टेक्स्ट कंपोनंट एडिटर उघडा आणि आकड्याच्या आधी ‘इन्व्हर्ट’ किंवा ‘आय.एल.’ (इन्व्हर्ट लेव्हल) एवढं लिहा. त्यानंतर बाहेरच्या माथ्यासाठी वेगळी ओळ द्या. त्याच लेबल स्टाइलच्या गटात ‘एक्स्प्रेशन्स’ म्हणजे सूत्रांची सोय आहे. तिथे स्टार्ट इन्व्हर्ट एलेव्हेशन अधिक आतला व्यास अधिक भिंतीची जाडी, अशी बेरीज मांडायची आणि ती लेबलात घ्यायची. शेवटच्या टोकासाठी दुसरं एक्स्प्रेशन लागेल. चराच्या तळासाठी इन्व्हर्टमधून जाडी आणि बेडिंग वजा करा. पाइप गोल नसेल तर व्यासाऐवजी आतली उंची धरा.

एक्स्प्रेशन झालं की एका पाइपावर ते कागदावर पडताळून पाहाच. व्यास मिलिमीटरमध्ये आणि लेव्हल मीटरमध्ये वाचायची सवय असल्याने एककांची गल्लत इथेच होते, आणि मग माथा आकाशात जातो. तो लगेच दिसतो म्हणा. बेडिंगचे १०० मि.मी. लिहिताना ०.१ ऐवजी ०.०१ टाकलं, तर मात्र कुणाच्याच लक्षात येत नाही.

दशांशांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. इन्व्हर्टला तीन स्थळं ठेवा. १० मीटर लांबीला ५०० त १ असा उतार म्हणजे सगळा मिळून २० मि.मी. दोन स्थळांवर पूर्णांकन केलंत तर दोन टोकांतला फरक १० मि.मी.पर्यंत चुकू शकतो. उताराचा निम्मा भाग छापतानाच गेला. चराच्या तळाला दोन स्थळं पुष्कळ झाली. फावड्याने मिलिमीटर कोण कोरतो?

प्रश्न : काही पाइपांवर ‘स्टार्ट’ची लेव्हल कमी आणि ‘एंड’ची जास्त येते. पाणी उलटं वाहतंय असं वाटतं. उतार तर बरोबर आहे.

उत्तर : सॉफ्टवेअरचा ‘स्टार्ट’ म्हणजे पाणी येतं ते टोक असं तुम्ही धरून चाललात. पाइप आखताना पहिली क्लिक जिथे पडली, ते त्याचं स्टार्ट. प्रवाहाची दिशा हा पाइपाचा वेगळा गुणधर्म आहे. खालच्या चेंबरकडून वर आखत गेलात की ३० मीटरच्या, १५० त १ उताराच्या पाइपावर स्टार्ट ९७.२२० आणि एंड ९७.४२० असंच छापून येणार.

मी लेबलात ‘स्टार्ट’, ‘एंड’ हे शब्द छापूच देत नाही. प्रत्येक लेव्हलच्या शेजारी त्या टोकाच्या चेंबरचं नाव घेतो. याहून सोयीचं म्हणजे इन्व्हर्ट चेंबरच्या लेबलात घ्यायचे. त्या स्टाइलमध्ये ‘टेक्स्ट फॉर ईच’ नावाचा कंपोनंट मिळतो. चेंबरला जोडलेल्या प्रत्येक पाइपाची तो वेगळी ओळ काढतो, आणि आत येणारे व बाहेर जाणारे पाइप निराळेही दाखवता येतात. चेंबर बांधणाऱ्याला हीच मांडणी हवी असते.

एक बारकावा मात्र असा, की हे इन्व्हर्ट चेंबरच्या मध्यबिंदूवरचे असतात, भिंतीपाशी नव्हे. चेंबर आतून १.२ मीटर असेल तर मध्यापासून भिंत ०.६ मीटर. १५० त १ उताराला फरक पडतो ४ मि.मी.; सोडून द्या. २० त १ असेल तर ३० मि.मी. पडतो, आणि तो सोडून चालत नाही.

प्रश्न : प्रोफाइलमध्ये, म्हणजे लाइनीच्या उभ्या छेदात, आमच्या लाइनीला दुसरा पाइप आडवा जातो. त्याला लेबल लावलं तर येणारी लेव्हल त्या जागेची वाटत नाही.

उत्तर : बहुधा नाहीच. लेबलात स्टार्ट किंवा एंड इन्व्हर्ट घेतला असेल तर छापून येते ती त्या पाइपाच्या टोकाची लेव्हल, आणि टोक असतं छेदापासून दूर. आडवा पाइप वरच्या उदाहरणातलाच धरा. वरच्या टोकापासून १२ मीटरवर छेद आहे, तर १२ भागिले १५० म्हणजे ०.०८०. इन्व्हर्ट ९७.३४०, बाहेरचा तळ ९७.३१०. खालून जाणाऱ्या तुमच्या पाइपाचा बाहेरचा माथा ९७.१८० असेल तर मधे मोकळी जागा उरते १३० मि.मी. टोकाचा ९७.४२० धरून बसलात तर तीच जागा २१० मि.मी. दिसेल. मोकळी जागा नेहमी बाहेरून बाहेर मोजा. इन्व्हर्टमधून इन्व्हर्ट वजा करणाऱ्यांचे पाइप नकाशावर जातात, चरात अडकतात.

प्रश्न : पाइप खाली घेतला, सगळी लेबलं बदलली, एकच बदललं नाही.

उत्तर : कुणीतरी घाईत त्या लेबलाचा मजकूर उघडून आकडा हाताने टाइप केलाय. आता ते पाइपाकडे बघतच नाही. ते पुसा आणि नवं लावा. मग त्या शीटवरची बाकीची लेबलंही एकेक उघडून पाहा. असा हात सहसा एका लेबलावर थांबत नाही.