'एवढं आवरून येतो': वीज, वणवा, वादळ आणि धुक्याविषयीच्या प्रश्नांना उत्तरं

हवामानाविषयी आलेले प्रश्न आज एकत्र घेतो. पीक कसं वाचवायचं, माल कसा झाकायचा, हे विचारणारे पुष्कळ. आपण स्वतः कुठे थांबायचं, हे विचारणारे थोडे. उत्तरं देताना मी क्रम उलटा लावला आहे: आधी माणूस, मग जनावर, मग माल. याला कारण आहे. दुर्घटनेनंतर पाहणीला गेलं की घरच्यांच्या तोंडून एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं, 'एवढं आवरून येतो म्हणाले होते.' ताडपत्रीचं एक टोक बांधायचं राहिलेलं असतं, नाहीतर शेवटचा पंप फवारायचा असतो. ढग कुणालाच दिसले नव्हते असं सहसा नसतं.

प्रश्न: शेतात मोठं झाड एकच आहे. विजा सुरू झाल्या तर त्याखाली जावं की उघड्यावर थांबावं? मोबाईल बंद ठेवला आणि पायात रबरी बूट असले तर चालतं का?

झाडाखाली नाही आणि उघड्यावरही नाही. या दोन्हींतून निवडायची वेळ आली, याचाच अर्थ निघायला उशीर झाला. म्हणून निघायचं कधी, ते आधी सांगतो.

वीज चमकली की मोजायला लागा आणि गडगडाट ऐकू आला की थांबा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण 3 सेकंद लागतात. 30 पर्यंत मोजून झालं तर वीज सुमारे 10 किलोमीटरवर पडली, 9 वर आवाज आला तर 3 किलोमीटरवर. आता 10 किलोमीटर म्हणजे लांब, असं वाटेल. पण पुढची वीज त्याच जागी पडेल असं नाही. ढगाच्या कडेपासून 10-15 किलोमीटर अंतरावर, डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही वीज पडू शकते. त्यामुळे मी सांगतो, मोजत बसण्यापेक्षा पहिला गडगडाट ऐकू आला की काम सोडा. अडचण एकच. मळणी यंत्र किंवा ट्रॅक्टर चालू असेल तर गडगडाट ऐकूच येत नाही. यंत्रावरच्या माणसाला शेवटी कळतं. अशा वेळी यंत्रापासून बाजूला एकाला आभाळावर लक्ष ठेवायला नेमा आणि त्याने हात वर केला की यंत्र बंद, हे सकाळीच ठरवून घ्या.

रबरी बुटांचं म्हणाल तर हवा स्वतःच वीज अडवणारी आहे. तिचा काही किलोमीटरचा थर फोडून जी वीज खाली येते, तिला बोटभर जाडीच्या रबराचं काय? मोबाईल वीज ओढून घेत नाही. तो बंद करून खिशात ठेवला म्हणून जीवही वाचत नाही. चार्जिंगला लावलेला फोन मात्र हातात धरू नका, कारण तारेतून झटका येतो. मोटरच्या स्टार्टरलाही त्याच कारणाने हात लावायचा नाही.

सुरक्षित जागा खरं तर दोनच. एक म्हणजे चारी बाजूंनी भिंती असलेलं पक्कं घर, तेही दारात, खिडकीत किंवा नळाजवळ उभं न राहता. दुसरी म्हणजे पत्र्याच्या टपाची, काचा चढवलेली गाडी. तिथेही वाचवतो तो धातूचा सांगाडा, टायर नव्हेत. उघडा ट्रॅक्टर, मोटरसायकल, बाजूंनी मोकळं पत्र्याचं छप्पर आणि माळावरची खोपी यांतलं काहीही चालणार नाही.

झाडाचा धोका लोकांना अर्धाच माहीत असतो. वीज झाडावर पडते आणि तिथून शेजारच्या माणसावर उडी मारते, हा एक भाग. दुसरा भाग जमिनीतला. पडलेली वीज मुळांपासून चहूकडे पसरते. दोन पायांत अंतर असेल तर ती एका पायातून वर चढून दुसऱ्यातून उतरते. गाईबैलांचे पुढचे आणि मागचे पाय तर चांगले लांब असतात, आणि प्रवाहाच्या वाटेत मध्ये काळीज येतं. झाडाखाली बांधलेली जनावरं एकदम आडवी झालेली आढळतात ती यामुळे. ऑगस्ट 2016 मध्ये नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठारावर वादळात एकमेकांना खेटून उभी असलेली 323 रेनडियर एकाच वेळी मेलेली सापडली होती. आभाळ भरून आलं की जनावरं झाडाच्या बुंध्याला किंवा तारेच्या कुंपणाला बांधलेली नाहीत ना, एवढं पाहा. तारेवर लांब कुठेतरी वीज पडली तरी झटका कुंपणभर धावतो.

आणि माळावर अडकलातच तर? खांद्यावरचं कुदळ-फावडं खाली ठेवा. झाड, खांब, कुंपण, पाणी यांपासून दूर व्हा. सोबतच्यांनी एकमेकांपासून लांब लांब पांगावं, म्हणजे एकाला लागलं तरी दुसरा मदतीला उरतो. दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसा. आडवं पडू नका. याने माणूस वाचतोच असं नाही, इजा कमी होण्याची शक्यता वाढते इतकंच. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यापासून 30 मिनिटं पुन्हा शेतात पाऊल टाकू नका. पाऊस थांबला म्हणजे वीज थांबली, असं नसतं.

वीज लागलेल्या माणसाला हात लावायला लोक घाबरतात. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते; बेधडक हात लावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध तळहात ठेवून जोराने, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5-6 सेंटीमीटर खोल दाबत राहा आणि दुसऱ्याला रुग्णवाहिका बोलवायला पाठवा. अनेकांना लागलं असेल तर कण्हणाऱ्याकडे नव्हे, निपचित पडलेल्याकडे आधी जा. विजेने थांबलेलं हृदय लगेच दाबायला घेतलं तर पुष्कळदा पुन्हा सुरू होतं.

प्रश्न: पावसात भिजलेलं गवत थोडं वाळवून गंजी रचली होती. तीन आठवड्यांनी रात्री ती पेटली. आसपास ना चूल, ना तार. कुणी काडी लावली असेल का?

तक्रार नोंदवण्याआधी हे वाचा. ओलं गवत पेटायला कुणी काडी लावावी लागत नाही, ते आपलं आपण तापतं. शेकडा 20 च्या वर ओलावा असलेलं गवत दाबून रचलं की आत बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात आणि उष्णता बाहेर पडायला वाट नसते. साठ-सत्तर अंशांच्या पुढे जिवाणू मरतात, पण तोवर गवताचीच रासायनिक प्रक्रिया सुरू झालेली असते आणि ती तापमान चढवत नेते. रचल्यानंतरचे पहिले दोन ते सहा आठवडे यात सर्वांत धोक्याचे. तुमचे तीन आठवडे नेमके त्यात बसतात. शेजाऱ्याचं नाव घेण्याची घाई करू नका.

अशी एक गंजी मी जवळून पाहिली आहे. वरून सोनेरी, कोरडी ठणठणीत. पहाटे तिच्या माथ्यावरून वाफ निघत होती आणि जवळ गेलं की करपलेल्या साखरेसारखा, थोडा तंबाखूसारखा वास. मालक म्हणाला, 'गवत मुरतंय, चांगला वास आहे.' आम्ही एक टोकदार लोखंडी गज मधोमध खुपसला आणि वीस मिनिटांनी ओढून काढला. त्याने गज धरला आणि लगेच सोडून दिला. पुढे वासाचं कौतुक झालं नाही.

हीच परीक्षा तुम्हीही करा. गज हातात धरवत नसेल तर आतलं तापमान साठीच्या पुढे गेलं आहे असं समजा. पोकळ नळीतून दोरीने तापमापक सोडता आला तर उत्तमच: 65 अंशांवर रोज पाहणी, 70 च्या पुढे काही तासांनी पाहणी, आणि 80 ला आत निखारे असणार हे गृहीत धरून अग्निशमन दलाला बोलवा. तिथे एक चूक हमखास होते. लोक घाबरून गंजी उकलायला घेतात. आत हवा शिरते आणि भडका उडतो. पाण्याचा बंब शेजारी असल्याशिवाय तिला हात लावू नका. गंजीवर चढू तर मुळीच नका. आतलं जळून पोकळ झालेलं असतं आणि माणूस सरळ आत जातो.

पुढच्या वेळी रचण्यापूर्वी मूठभर गवत पिळून पाहा. काड्या कडकडून मोडल्या तर रचा, नुसत्या वाकल्या तर अजून ऊन दाखवा. एका मोठ्या गंजीऐवजी दोन लहान, एकमेकींपासून आणि गोठ्यापासून लांब.

प्रश्न: बांधावरचं गवत पेटलं की आम्ही हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवतो. यात काय चुकतं?

फांदी चुकत नाही, बाजू चुकते. ज्वाळा गुडघ्याएवढी असेल, मागे जळून काळी झालेली जमीन असेल आणि तुम्ही तिथून, वारा आपल्या पाठीवर घेऊन कडेकडेने झोडपत असाल, तर ठीक. आगीच्या तोंडासमोर, वाळल्या गवतात उभं राहून झोडपणं म्हणजे तिच्या वाटेत उभं राहणं. वारा फिरला की शांत वाटणारी बाजूच तिचं तोंड होते. ज्वाळा कमरेच्या वर गेली की फांदी टाका आणि निघा.

निघायचं ते चढाकडे नाही. आग चढावर जास्त पळते. दर 10 अंश चढाला तिचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो आणि माणसाचा कमी. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या मान गल्च दरीत 5 ऑगस्ट 1949 रोजी अशाच चढावर वणवा विझवायला गेलेल्यांना आगीने गाठलं आणि 13 जण गेले. त्यांचा मुकादम वॅग्नर डॉज वाचला तो पळून नव्हे. त्याने पुढचं गवत स्वतः पेटवलं आणि जळून गेलेल्या जागेत राखेवर पालथा पडून राहिला. मोठी आग बाजूंनी निघून गेली. साथीदारांना त्याचं करणं कळलं नाही, कुणीही त्याच्याबरोबर त्या राखेत आलं नाही. त्याची नक्कल करा असं मी म्हणत नाही. पण जळून गेलेली जमीन पुन्हा पेटत नाही, हे ध्यानात ठेवा. नांगरट, नुकतंच पाणी दिलेलं रान, किंवा आगीने आधीच काळा केलेला पट्टा जवळ असेल तर तिकडे चला. अंगावर सुती कपडे हवेत, नायलॉन वितळून कातडीला चिकटतो.

जनावरांचं दावं सोडवत बसू नका. विळ्याने कापा, बाहेर हाकला आणि गोठ्याचं दार मागून बंद करा. घाबरलेलं जनावर ओळखीच्या जागी परत धावतं, मग ती जागा पेटलेली का असेना.

वणवा विझवणाऱ्यांमध्ये तीन तिसांचा एक ठोकताळा आहे: तापमान 30 अंशांच्या वर, हवेतली आर्द्रता शेकडा 30 च्या खाली आणि वारा ताशी 30 किलोमीटरच्या पुढे. हे तिन्ही जुळलेल्या दुपारी धसकटं पेटवणं, वेल्डिंग करणं, भुशाने माखलेल्या सायलेन्सरचं यंत्र वाळल्या पिकात घालणं, सगळं टाळा. गोठ्याभोवती, गंजीभोवती गवत खरवडून मातीचा उघडा पट्टा काढायचं काम मात्र हिरवळ वाळायच्या आधीचं आहे. वणवा दिसल्यावर कुदळ शोधून उपयोग नसतो.

प्रश्न: वादळाचा इशारा आला की शेडच्या पत्र्यांवर दगड ठेवतो. पुरेसं होतं का?

नाही, उलट ते दगड उडून लागतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. पत्रे कडेच्या ओळीपासून उचकटतात, म्हणून हुक आणि पट्ट्या तिथे जास्त मारा आणि वाऱ्याकडचं दार बंद ठेवा. आत शिरलेला वारा छप्पर खालून उचलतो. हे सगळं आभाळ स्वच्छ असताना करायचं. अंगावर अचानक गार झोत आला, धूळ उठली, की शिडी सोडून घरात जा. पाऊस पाठोपाठ येतो आहे.

वादळानंतर तुटून पडलेली तार मेलेली आहे असं समजू नका. ती 10 मीटरच्या आत असेल तर पाय न उचलता, घासत घासत मागे सरका आणि वीज कंपनीला कळवा. मोठ्या चक्रीवादळात मध्येच सारं शांत होतं. तो वादळाचा डोळा. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तितकाच येतो, म्हणून तेवढ्यात पत्रे गोळा करायला बाहेर पडू नका.

प्रश्न: माल घेऊन पहाटेच निघावं लागतं. धुक्यात ट्रॉली कशी न्यावी?

शक्यतो नेऊ नये. उशीर झाला तर भाव हातचा जातो, हे मान्य आहे. पण दृश्यता 1000 मीटरच्या खाली आली की धुकं म्हणतात, आणि अतिदाट धुक्यात ती 50 मीटरच्याही खाली येते. मागून ताशी 60 ने येणारी गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर कापते. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत 25 मीटर गेलेले असतात, आणि गाडी थांबायला उरलेले 25 ओल्या रस्त्यावर पुरत नाहीत. म्हणजे तुम्ही कितीही जपून चालवा, धोका मागून येतो.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन निवते तेव्हा हे धुकं धरतं; कालव्याकाठी आणि नुकतं पाणी दिलेल्या रानात जास्त. त्यामुळे एक वळण मोकळं मिळालं म्हणून पुढचं मिळेल असं धरू नका. दिवे खालच्या झोतावर ठेवा, वरचा झोत लावला तर डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी राहते. पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्याला चिकटून जाणं तर सर्वांत वाईट, ती चुकली की तुम्हीही चुकता. बिघाड झाला तर ट्रॉली रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या आणि माणसं खाली उतरवून लांब, शेताच्या बाजूला उभी करा. दुरुस्ती करणारा ट्रॉलीखाली झोपलेला असताना मागून धडक बसते.

आज अंधार पडल्यावर माल भरलेली ट्रॉली उभी करून तिच्यामागे पन्नास पावलं चालत जा आणि बॅटरीचा झोत टाका. परावर्तक चिखलाने बुजलेले असतील, किंवा माल त्यांच्यावर लोंबत असेल, तर काहीच चमकणार नाही. ओल्या फडक्याने पुसा, माल वर बांधा, दोन्ही कोपऱ्यांना नव्या लाल पट्ट्या चिकटवा आणि पुन्हा पन्नास पावलांवरून पाहा.