तपासणीची पाळी ठरते कशी?

प्रश्न : धुळ्यात आमची शेवभाजी आणि मटणाची खानावळ आहे. वर्षात दोनदा तपासणी झाली, पण शेजारच्या खारी-टोस्टच्या दुकानात कोणी फिरकलंही नाही. महापालिका ही यादी कशी लावते?

उत्तर : यादी महापालिकेची नाही. पाणी, गटार, कचरा, फेरीवाल्यांचं विक्री प्रमाणपत्र हे महापालिकेकडे. तुमच्याकडे येतात ते अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी, २००६च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार.

पाळी दुकानाच्या आकारावर लागत नाही, धोक्यावर लागते. दूध, मांस, मासे, अंडी, मिठाई आणि शिजवलेलं तयार अन्न हे जास्त धोक्याचे प्रकार. अशा परवानाधारकांची वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी, असा दंडक आहे. खारी-टोस्ट कोरडे, त्यात जंतूंना वाढायला ओलावा नसतो. मागच्या तपासणीत त्रुटी निघाल्या असतील तर त्या दूर झाल्या का हे बघायला अधिकारी पुन्हा येतात. दुसरी फेरी बहुधा त्याचीच असावी. पहिला अहवाल काढून बघा. तक्रार किंवा विषबाधा झाली की मात्र पाळी वगैरे राहत नाही. दिवाळीच्या तोंडावर खवा-मिठाईची मोहीम निघते, ती वेगळी.

खानावळीसाठीच्या तपासणीपत्रात एकूण ११४ गुण असतात. कागदांत पाण्याचा सहामाही अहवाल, कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडच्या लसीची नोंद, कीटकनाशक फवारणीची पावती हे बघतात. तळणीचं तेलही बघतात. त्यातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही.

पण खानावळी अडकतात त्या रश्श्यात. शाकाहारी पदार्थ ६५ अंशांवर आणि मांसाहारी ७० अंशांवर गरम ठेवायचे असतात. दुपारचा उरलेला मटणाचा रस्सा त्याच मोठ्या पातेल्यात झाकून रात्रीसाठी ठेवला, की वरून थंड वाटतो, मधोमध मात्र तासन् तास कोमट राहतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचं टणक कवचातलं सुप्त रूप, उकळीतही मरत नाहीत, आणि तो सगळ्यांत जोमानं वाढतो ४३ ते ४५ अंशांच्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरची हवाच तेवढी असते, त्यामुळे ‘बाहेर ठेवून निववू’ हे खानदेशात चालतच नाही. रस्सा दोन-तीन इंच खोलीच्या पसरट परातींत काढा, परात बर्फाच्या पाण्यात ठेवा, ६० अंशांवरून २१वर दोन तासांत आणा आणि लगेच ५ अंशांच्या फ्रिजमध्ये सरकवा. टोचायचा थर्मामीटर घ्या, बोटानं अंदाज नको.

त्रुटी निघाली तर सुधारणा नोटीस मिळते, तिची मुदत किमान १४ दिवसांची असते. नोटिशीला लेखी उत्तर द्या आणि सोबत दुरुस्तीचे फोटो जोडा. गप्प बसल्यास परवाना निलंबित होऊ शकतो.

प्रश्न : पनीरचा नमुना घेतला तर आमच्या हातात काय असतं? (अमळनेर)

उत्तर : नमुन्याची किंमत अधिकाऱ्यांनी द्यायची असते. नमुन्याचे चार भाग होतात : एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या वरचा अधिकारी) राहतात. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी तुम्हाला करता येते, पण ती त्याच वेळी आणि लेखी करा. हीच गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. तपासणीचा खर्च तुमचा. विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत यायला हवा. तो विरोधात गेला तर अपिलाला ३० दिवस मिळतात. सही करण्याआधी प्रत्येक भागाचं सील आणि चिठ्ठी नीट बघून घ्या.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत चारच दिवस भज्यांचा गाडा लावतो. नोंदणी लागते का?

उत्तर : लागते. तात्पुरता गाडाही कायद्यात लहान अन्न व्यावसायिकच धरला आहे. नोंदणीचा कागद गाड्यावर दिसेल असा लावा, पिण्याचं पाणी झाकणाच्या, तोटी असलेल्या पिंपात ठेवा आणि हात धुण्याचं पाणी त्याहून वेगळं ठेवा.