पिकअपचं नंतर बघू, आधी कपाटातला बाँड काढा

इंदूरच्या लोकमान्य नगरमधून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१, केटरिंगचा व्यवसाय, पत्नी खाजगी शाळेत शिक्षिका, मुलगी आठवीत. त्यांनी चाकांवरचं स्वयंपाकघर, म्हणजे भट्ट्या-ओटा बसवलेला एक जुना ट्रेलर घेतला आहे आणि तो ओढायला जुनी पिकअप हवी आहे. पसंतीला दोन गाड्या आहेत: २०२० ची बोलेरो पिकअप पावणेसात लाखांना किंवा २०१८ ची इसुझू व्ही-क्रॉस, डबल केबिन, पांढऱ्या नंबरप्लेटची, साडेदहा लाखांना. 'कुठली घेऊ?' एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

पण पत्राच्या शेवटी चार ओळी आहेत: 'कर्जच काढीन म्हणतो, कारण महूचं दुकान विकून माझ्या वाट्याला आलेल्या ११ लाखांना हात लावायचा नाही. त्यातले २ लाख बँकेतल्या साहेबांनी स्पेशल एफडीत टाकले, २० वर्षांनी दुप्पट होणार, गॅरंटीड. दर वर्षी २ लाख टाकायचे आहेत, म्हणून बाकीचे ९ बाजूला ठेवलेत. मागच्या आठवड्यात कुरिअरनं बाँड आला, कपाटात ठेवलाय.'

ही एफडी नाही. एफडीचा बाँड कुरिअरनं येत नाही आणि एफडीत दर वर्षी पैसे भरावे लागत नाहीत. तुम्हाला दहा वर्षं हप्ता भरायची विमा पॉलिसी विकली आहे. पहिल्या पानावर विमा कंपनीचं नाव असेल, 'प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षे' असंही लिहिलेलं असेल. विमा कंपनीकडून पडताळणीचा फोन आला असेल आणि 'सगळ्याला हो म्हणा' असं साहेबांनी आधीच सांगून ठेवलं असेल. हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता संताप येतो. घर-दुकान विकल्याचे पैसे खात्यात दिसले की शाखेतून फोन येतो, आणि गिऱ्हाईक 'एफडी' म्हणालं तर कुणी दुरुस्त करत नाही.

बाँड हातात पडल्यापासून ३० दिवसांत, काहीही कारण देऊन, पॉलिसी परत करता येते. याला फ्री-लुक म्हणतात. तुमचे दिवस संपत आले आहेत, म्हणून हे उत्तर छापून येण्याआधीच तुम्हाला वेगळा मेल केला आहे. इथे लिहितोय ते अशाच बाँडवर बसलेल्या इतरांसाठीही. ईमेलवर पॉलिसी आधी आली असेल तर ती तारीख बघा आणि दोन्हींतली जी आधीची, तिच्यापासून दिवस मोजा. कुरिअरचं पाकीट फेकू नका. 'पॉलिसीच्या अटी मान्य नाहीत, फ्री-लुकखाली रद्द करावी' असा अर्ज, मूळ बाँड आणि रद्द केलेला चेक घेऊन विमा कंपनीच्या शाखेत जा. बँकेतल्या साहेबांकडे देऊ नका, ते 'बघतो' म्हणतील आणि तारीख उलटेल. शिक्का मारलेली पोच घ्या, शिवाय कंपनीला मेलही करा. मग बँकेत जाऊन दर वर्षी हप्ता कापण्याची परवानगी लेखी बंद करा. जितके दिवस विमा चालू होता तेवढ्याचा खर्च, स्टँप ड्युटी, आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचे पैसे कापून बाकी परत मिळतात. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाका. त्यानंतर विमा लोकपाल आहेत, मध्य प्रदेशासाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे.

'पण दुप्पट होणार होते ना?' हिशोब सांगतो. दर वर्षी २ लाख, दहा वर्षं, म्हणजे २० लाख. विसाव्या वर्षी मिळणार ४० लाख. पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, शेवटचा ११ वर्षं, सरासरी साडेपंधरा. साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्क्यांच्या जरा वर. हेच पैसे ७ टक्क्यांनी वाढले तर साधारण ५८ लाख होतात, आणि पीपीएफचा दर आज ७.१ आहे. तुमच्या ९ लाखांत जेमतेम साडेचार हप्ते बसतात. उरलेले साडेचार कुठून भरणार होतात? मधेच थांबलात तर भरलेले सगळे परत मिळत नाहीत. करबचतीचं म्हणाल, तर तुम्ही नव्या पद्धतीनं रिटर्न भरता असं पत्रातच लिहिलं आहे. तिथे ८०सी ची वजावट नाहीच.

शिवाय एकीकडे साडेचार टक्के मिळवायला पैसे अडकवायचे आणि दुसरीकडे १४ टक्क्यांनी कर्ज काढायचं. ६ लाख, चार वर्षं, महिना १६,४०० हप्ता, व्याजाचे एक लाख ८७ हजार. हे व्याज तुम्ही तुमचेच पैसे तुमच्यापासून लांब ठेवण्यासाठी भरणार आहात.

या पॉलिसीत विमा २० लाखांचा आहे. तुमच्या माघारी मुलीचं शिक्षण आणि घर यावर चालेल का? पैसे परत आले की पहिल्यांदा १ कोटीचा शुद्ध टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा. तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, वर्षाला २५ हजारांच्या आगेमागे पडेल. सहा महिन्यांच्या घरखर्चाचे ३ लाख खऱ्या एफडीत ठेवा. पावतीवर विमा कंपनीचं नाव नाही ना, हे वाचून घ्या.

आता गाडी. गेल्या वर्षी तुमच्या २२ ऑर्डर झाल्या, आणि ट्रेलर आला की ६० होतील असं तुम्ही धरलं आहे. चातुर्मासात लग्नं नाहीत, मग मळमास, आणि उरलेल्या मुहूर्तांना एकाच दिवशी तिघे तुम्हालाच बोलावणार. ट्रेलर एकच आहे. साठ कुठून येणार ते मला दिसत नाही. आज भाड्याची पिकअप ड्रायव्हर-डिझेलसकट ४,००० ला मिळते असं तुम्हीच लिहिलंत: २२ फेऱ्यांचे ८८ हजार. स्वतःच्या बोलेरोला हप्त्यांचे १ लाख ९७ हजार आणि इन्शुरन्स, फिटनेस, टायर, सर्व्हिसिंगचे ६० हजार, म्हणजे वर्षाला अडीच लाखांवर. डिझेल धरलं तर एका फेरीमागे वाचतात अडीच हजार. चार वर्षांनी गाडी ३ लाखांना विकली असं धरलं तरी वर्षाला सत्तरहून जास्त फेऱ्या झाल्याशिवाय ती परवडत नाही. साठही पुरत नाहीत.

व्ही-क्रॉस तर नकोच. पांढऱ्या प्लेटवर धंद्याचा माल वाहिला आणि अपघात झाला तर खाजगी वापराच्या पॉलिसीवर क्लेम अडकतो. बोलेरो पिकअप ही १.३ ते १.७ टन पाठीवर घ्यायला बनलेली गाडी आहे, तेव्हा ट्रेलर घरी ठेवून भट्ट्या-भांडी तिच्यातच चढवता येतात का, हे आधी बघा. भाड्याच्या गाडीनंही ते जमेल.

तरीही ट्रेलरच ओढायचा असेल तर तो पाणी, सिलेंडर, भांड्यांसकट भरून देवास नाक्याकडच्या एखाद्या धर्मकाँट्यावर नेऊन तोला. तुम्ही लिहिलेलं १,२०० किलो हे रिकामं वजन आहे, भरल्यावर १,७०० च्या घरात जाईल. त्यातले १० ते १५ टक्के मागच्या हुकावर पडतात, म्हणजे १७०-२५० किलो, आणि ते पिकअपच्या मालवजनातच मोजायचे. जुनी गाडी बघताना चेसिसवर हुकाजवळची वेल्डिंग आणि गंज, मागचे कमानी पाटे, चढावर क्लच सरकतो का, आणि गिअरबॉक्सचं ऑइल बघा. रंग आणि सीट कव्हर शेवटी. दिल्लीहून आलेली स्वस्त डिझेल कोणी दाखवली तर तिथे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत, म्हणून ती स्वस्त आहे. एनओसी, इथली नोंदणी आणि रोड टॅक्स धरून भाव करा. कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलाय का आणि चलान बाकी आहेत का, हेही आधी तपासा.

ट्रेलर कायद्यानं वेगळं वाहन धरला जातो, त्याची आरसी आणि विम्यात नोंद वेगळी लागते. तुमच्या ट्रेलरची आरसी आहे का हे पत्रात नाही. त्याला स्वतःचे ब्रेक आहेत का, हेही नाही. महेश्वरच्या लग्नांसाठी मानपूरचा घाट उतरावा लागतो, आणि बिनब्रेकचा पावणेदोन टन ट्रेलर उतारावर गाडीला मागून ढकलतो. ब्रेक बसवून घेईपर्यंत तो घाटाखाली नेऊ नका, भाड्याच्या गाडीमागेही नाही.