मुलांच्या खोलीतला खेळण्यांचा पसारा आवरला तरी रोज पुन्हा होतो. काय करावं?

पसाऱ्याचं मूळ बहुतेकदा ती एक मोठी, खोल पेटी असते. तळाची गाडी हवी म्हणून मूल अख्खी पेटी उलटी करतं. ती आधी काढून टाका. त्याऐवजी मुलाच्या छातीइतक्या उंचीचं उघडं कपाट आणि जेमतेम 15 सेंमी खोल, बिनझाकणाचे ट्रे वापरा. एका ट्रेत एकच प्रकार, बाहेरून आतल्या वस्तूचा फोटो. मग वाचता न येणारं मूलही वस्तू जागेवर ठेवू शकतं. कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं कराच, मुलं त्यावर चढतात.

बाहेर आठ-दहाच खेळणी ठेवा. बाकीची खोक्यात बंद करा आणि दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल करा. रोजचं लाडकं खेळणं मात्र हलवू नका, नाहीतर मुलाचा या पद्धतीवरचा विश्वासच उडतो.

जिगसॉचे तुकडे झिपच्या पिशवीत ठेवा. एका कोड्याच्या सगळ्या तुकड्यांमागे एकच खूण करा, म्हणजे सुटा सापडलेला तुकडा कुठला ते लगेच कळतं. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर बारीक तुकडे आणि बटण सेलची खेळणी त्याचा हात पोचणार नाही अशा बंद कप्प्यात हवीत.

आवरायला सांगताना "खोली आवर" नको, "आधी सगळ्या गाड्या ट्रेत टाक" असं सांगा.