ट्युलिपच्या कप्प्यात केळी नको: बागेबद्दल तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून ट्युलिपचेच प्रश्न जास्त आलेत, आणि त्यातही डबल, म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या, फुलांच्या ट्युलिपचे, म्हणून अख्खं पान त्यालाच दिलंय.

प्रश्न (जळगाव): एप्रिलमध्ये श्रीनगरला गेलो होतो, तिथे भरगच्च पाकळ्यांचे ट्युलिप बघितले, आधी मला वाटलं गुलाबच आहेत. आमच्याकडे मेमध्ये ४५ डिग्री असतं, इथे येतील का हो?

ताई, येतात, पण कुंडीत, एका सीझनपुरते, आणि थंडी आपण फ्रीजमधून द्यायची. मेच्या उन्हाची काळजी सोडा, तोपर्यंत हे झाड राहणारच नाही, खरी अडचण आपल्या हिवाळ्याची आहे. ट्युलिपच्या बल्बमध्ये, म्हणजे त्याच्या कांद्यासारख्या कंदात, फूल आतल्या आत आधीच तयार झालेलं असतं पण दांडा लांब व्हायला त्याला २ ते ९ डिग्रीची थंडी साधारण १२ आठवडे सलग लागते, ती मिळाली नाही तर फूल मातीलगतच उघडतं नाहीतर नुसती पानं येतात. धुळ्याला पारा कधी कधी ५-६ वर येतो हे खरं, पण ते दोन-चार रात्रींचं, दुपारी परत २८-३० असतंच. श्रीनगरची ती ट्युलिपची बाग, २००७ मध्ये सुरू झालेली, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी आहे, तिथे बल्ब जमिनीतच थंडी खातात. दिल्लीत शांतिपथावर फेब्रुवारीत ट्युलिप दिसतात ते मात्र नेदरलँड्सहून आणलेले, आधीच थंडी दिलेले बल्ब असतात. आपल्याला दिल्लीचा रस्ता धरायचा आहे.

आता डबलमध्ये दोन गट असतात आणि खानदेशासाठी इथेच निवड नीट करा. डबल अर्ली म्हणजे लवकर येणारे, ठेंगणे, फूटभर उंचीचे, त्यात पिवळा माँटे कार्लो, गुलाबी पीच ब्लॉसम, लाल अ‍ॅबा. डबल लेट म्हणजे अँजेलिक, माउंट टॅकोमा वगैरे, फोटोत हेच जास्त सुंदर दिसतात आणि लोक हेच मागवतात, पण ते तीनेक आठवडे उशिरा येतात आणि तोवर आपल्याकडे मार्चचं ऊन लागतं, कळी उमलायच्या आधीच भाजते. माझं स्पष्ट मत, पहिल्या वर्षी माँटे कार्लोच घ्या, कुंडीत तो चांगला येतो, शिवाय त्याला मंद वासही आहे.

प्रश्न (रावेर): ऑक्टोबरमध्ये बल्ब फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले, जानेवारीत लावले. पानं छान आली, कळीही दिसली, पण ती पानांतच वाळून कागदासारखी पांढरी पडली. पाणी कमी पडलं का?

दादा, पाण्याचं बघू, पण आधी हे सांगा की त्याच फ्रीजमध्ये केळी, चिकू, सफरचंद असं काही होतं का? रावेर-सावद्याच्या, केळीच्या मुलखातल्या माणसाला इथिलीन काय ते सांगायला नको, रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकवायला सोडतात तोच गॅस. पिकत आलेलं फळ तो स्वतःच सोडत असतं, आणि फ्रीजच्या बंद जागेत तो बल्बपर्यंत पोचला की आतली इवलीशी कळी तिथेच मरते. बाहेरून काही कळत नाही, बल्ब टणक दिसतो, पानंही येतात, आणि मग तुम्ही लिहिलंय तसं होतं. फळं डब्यात झाकून ठेवली तरी भरवसा नाही. बल्ब आहेत तोवर, म्हणजे जवळपास तीन महिने, फळं बाहेर ठेवा, टोमॅटोसुद्धा. घरात दुसरा छोटा फ्रीज असेल तर सगळ्यात बरं.

बल्ब कागदी पिशवीत किंवा जाळीत ठेवायचे, गाठ मारलेल्या प्लास्टिकमध्ये नाही, फ्रीजरमध्ये तर अजिबात नाही. ४-५ डिग्री पुरे. पंधरा दिवसांनी एकदा हात लावून बघा, वरवरची हिरवट-निळी बुरशी पुसली की जाते, पण जो बल्ब मऊ पडलाय आणि ज्याला आंबूस वास येतोय तो लगेच काढा, कारण अशी कूज लागलेला बल्बही इथिलीन सोडतो आणि शेजारच्यांना घेऊन जातो. पिशवीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, हे बल्ब हुबेहूब कांदे दिसतात आणि ते खाल्ले तर विषारी आहेत.

लावायच्या आधी एक बल्ब उभा चिरून बघा, एक वाया गेला तरी चालेल. मधोमध बोटाच्या पेराएवढा कोंब दिसेल, त्याच्या पोटात पाकळ्यांच्या पिवळट-हिरव्या घड्या. त्या घड्या ताज्या, रसरशीत असतील तर ठीक, तपकिरी आणि सुकलेल्या असतील तर त्या लॉटमधून फूल येणार नाही, कुंडी आणि माती वाया घालवू नका. आणि आता पाण्याचं: हो, कोंब वाढताना माती कोरडी पडली किंवा कुंडी दुपारच्या उन्हात राहिली तरी कळी वाळते, पण तुमच्या पत्रावरून मला केळीचाच संशय जास्त आहे.

प्रश्न (धुळे): गच्चीवर लावायचे आहेत. शेतातली काळी माती चालेल का? कुंडी केवढी?

काळी माती नको. ती पाणी धरून ठेवते, वाळली की भेगा पडतात, बल्ब कुजतो. एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जुनं मुरलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग जाड वाळू घ्या, ताजं शेण अजिबात घालू नका. आठ इंची मातीच्या कुंडीत पाच-सहा बल्ब, एकमेकांना न टेकता, शेंडा जेमतेम झाकेल एवढ्या खोलीवर. बल्बची एक बाजू चपटी असते, ती कुंडीच्या काठाकडे करा, पहिलं मोठं पान तिकडून निघतं आणि बाहेर झुकतं, मग मधली जागा फुलांना मोकळी राहते. हाताला खाज सुटते काहींना, म्हणून ग्लोव्ह्ज घाला.

ऑक्टोबरच्या मध्यात फ्रीजमध्ये ठेवलेले जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लावा, पहिले दोन आठवडे सावलीत, कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळून, मग फक्त सकाळचं ऊन. फुलं फेब्रुवारीत येतील. डबल फुलात पाकळ्या खूप (आपल्या डबल जास्वंदीत होतं तसं इथेही पुंकेसरांच्याच पाकळ्या होतात), त्यामुळे फूल जड, आणि गच्चीवरचा वारा तो दांडा वाकवतोच. बारीक काडीचा आधार द्या आणि पाणी मातीत घाला, फुलावर नाही, पाकळ्यांत पाणी अडकलं की फूल आतून सडतं.

प्रश्न (चोपडा): ऑनलाइन निळ्या डबल ट्युलिपचं बी मिळतंय, स्वस्त आहे. घेऊ का?

नका घेऊ. खरं निळं ट्युलिप नसतंच, जांभळ्यापर्यंतच रंग जातो. बियापासून फूल यायला पाच ते सात वर्षं लागतात आणि त्यातून तसंच डबल फूल येईल असंही नाही. बल्बच घ्या, टणक, वजनदार, आणि विकणाऱ्याला विचारा की थंडी दिलेले आहेत की नाहीत. दिलेले असतील तर घरी गरम खोलीत पडू देऊ नका, डिसेंबरच्या थंड रात्री सुरू झाल्या की लावून टाका.

प्रश्न (शहादा): फुलं झाल्यावर बल्ब पुढच्या वर्षीसाठी ठेवता येतात का? नाहीतर तोरणमाळला नातेवाईकांकडे लावून बघू का?

फूल गेल्यावर जुना बल्ब संपतो आणि त्याजागी छोटे बल्ब होतात, ते भरायला पानं थंड हवेत निदान महिना-दीड महिना हिरवी राहावी लागतात. आपल्याकडे मार्चमध्ये पानं पिवळी पडतात, बल्ब लसणाच्या पाकळीएवढे राहतात, त्यातून फूल येत नाही. दरवर्षी नवे घ्यावे लागतील हे मनाशी धरूनच खर्च करा. तोरणमाळला रात्री चांगल्याच गारठ्याच्या असतात, कधी दवही गोठतं, पण १२ आठवडे सलग थंडी तिथेही नाही. फ्रीजमधले बल्ब तिथे नेऊन लावले तर मात्र फुलं आपल्यापेक्षा जास्त दिवस टिकतील, जमत असेल तर जरूर करा.

प्रश्न (अमळनेर): आमच्या फ्रीजमध्ये जागाच नाही. कंदापासून येणारं दुसरं काही डबल फूल सांगा.

डबल निशिगंध लावा. सुवासिनी किंवा वैभव, दोन्ही बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचे वाण. एप्रिल-मेमध्ये दोन इंच खोल, भरपूर उन्हात, पाण्याचा निचरा होईल अशा जागी. इथे काळी माती असली तरी वाफा उंच करून जमतं. गणपतीच्या आसपास दांडे येऊ लागतात आणि एकदा लावलं की तीनेक वर्षं कंद उपटायची गरज पडत नाही.