फुवामुलाला निघण्यापूर्वी

चि. मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मालदीवमध्ये, फुवामुला बेटावरच्या शाळेत तुझी नोकरी ठरल्याचं कळलं. बॅगेत काय भरू, असं तू विचारलंयस. बॅग शेवटच्या आठवड्यात भरली तरी चालते. कागदांना मात्र दोन-अडीच महिने धर.

भारतीयांना तिथे पर्यटक म्हणून ९० दिवस आगाऊ व्हिसाशिवाय जाता येतं, आणि परदेशी नोकरी लावून देणारे एजंट नेमका याचाच फायदा घेतात. ‘आत्ता जा, परमिट तिथे करू’ असं कुणी म्हणालं की तिथेच थांब. पर्यटक म्हणून उतरून शिकवणं बेकायदा आहे, आणि परत पाठवतात ते तुला, एजंटला नाही. शाळेने काढलेली वर्क परमिटची मंजुरी हातात आल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. एजंटचं लायसन्स परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपास. नियमाप्रमाणे त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही.

आपल्याकडच्यांची हमखास अडचण नावात होते. पदवीवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. तिकडच्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. म्हणून ऑफर लेटर, परमिटचा अर्ज आणि तिकीट, तिन्हीवर पासपोर्टातलं नाव अक्षर न बदलता यायला हवं. पदवीवरचं नाव फारच निराळं असेल तर दोन्ही नावं तुझीच असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेव. पदवीला अपॉस्टील (परदेशात चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा प्रमाणशिक्का) हवं की साधं अटेस्टेशन (साक्षांकन), हे शाळेकडून ईमेलवर लेखी घे. चुकीचं करून घेतलंस तर पैसे गेले आणि पुन्हा रांग. पोलीस क्लिअरन्सचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर भरून पुण्यात मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात जायचं. पासपोर्टवर गावाचा पत्ता आणि राहणं कोथरूडला असेल तर सध्याच्या पत्त्याचे पुरावे आधी जमव, नाहीतर पडताळणी तिथेच अडकते.

करारात पगार डॉलरमध्ये लिहिलाय की रुफियात, म्हणजे तिथल्या चलनात, ते बघ. एका डॉलरला अधिकृत दर १५.४२ रुफियाच्या आसपास असतो, पण डॉलरची टंचाई असल्याने रुफिया देऊन बँकेतून घरी किती पाठवता येतं यावर मर्यादा येते. घरी कर्जाचा हप्ता असेल तर हा मुद्दा पगाराच्या आकड्याहून मोठा. इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं, करून घे. आणि इथल्या सिमचं रोमिंग पुण्यातूनच चालू करून जा. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.

आता बॅग. आई गणपतीची छोटी मूर्ती देईल. ती नेऊ नकोस. पूजेच्या मूर्ती, दारू आणि डुकराचं मांस आणायला मालदीवच्या कस्टम्सची बंदी आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी तीव्र वेदनाशामकं, झोपेच्या गोळ्या आगाऊ परवानगीशिवाय नकोत. बाकीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीत ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव हवं. दातांची कामं इथेच उरक, चष्मे दोन ने. तिकडे डेंग्यू असतो, म्हणून तापावर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नाही.

तिथले प्लग तीन चौकोनी पिनांचे, व्होल्टेज आपल्यासारखंच. ॲडॉप्टर दोन-तीन पुरेत, मिक्सर तसाच चालेल. कातडी चपला मात्र नकोत, त्या दमटपणाने बुरसतात.

तांदूळ, कणीक, डाळी मिळतात. भाजीपाला बोटीने येतो, आणि मे ते ऑक्टोबरच्या नैर्ऋत्य मोसमात समुद्र खवळला की बोट लांबते; तेव्हा पालेभाजी दिसेनाशी होते. बाजरीचं पीठ नेऊ नकोस, दमट हवेत लवकर कडू होतं. गोडा मसाला १००-१०० ग्रॅमच्या हवाबंद पाकिटांत ने, एका वेळी एकच फोड. फुवामुलाच्या पाणथळ जमिनीत अळूकंदाची शेती आहे, त्यामुळे चिंच आणि बेसन असलं की पुणेकराला काळजी नको! फक्त वडीला चालेल ते पान कोणतं, हे शेजारणीला विचार, नाहीतर घसा खवखवेल. शाकाहारी असशील तर ‘मासे नकोत’ एवढं सांगून भागत नाही. सुकवलेला टुना चटणीतही असतो, तो नको असं वेगळं सांगावं लागतं.

सुट्टी शुक्रवार-शनिवारची, घड्याळ आपल्यामागे अर्धा तास. राजधानी मालेहून पुढच्या छोट्या विमानात सामानाची मर्यादा वेगळी असते, ती आधी विचार. हवामानाने ते विमान रद्दही होतं, तेव्हा मालेत एका रात्रीच्या खोलीचे पैसे जवळ ठेव. कागदांचा मूळ संच केबिन बॅगेत, स्कॅन ईमेलवर, आणि एक झेरॉक्स संच घरी बाबांकडे.

तुझा,
काका