डाव्या पायाला सुट्टी द्या

इलेक्ट्रिक गाडी म्हटलं की सगळे रेंजवर, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते यावर बोलतात. या वेळच्या पत्रांत मात्र रेंजचं विचारणारे थोडे आणि स्वतःच्याच पायांवर वैतागलेले जास्त आहेत. बहुतेक जण वीस-वीस वर्षं क्लच-गिअर मारलेले. गाडी बदलली, सवयी तशाच राहिल्या. तेव्हा आधी पायांचं बघू.

प्रश्न : बावीस वर्षं गिअरची पेट्रोल गाडी चालवली. ऑटोमॅटिक कधी हातात घेतली नाही, थेट इलेक्ट्रिकच घेतली. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पुढची गाडी थांबली की माझा डावा पाय आपोआप क्लच शोधतो आणि ब्रेकवर बसतो. गाडी अशी काही थांबते की मागचा हॉर्नवरून हातच काढत नाही. – मुलुंडचे वाचक

तुमचा पाय शिकवल्याप्रमाणेच वागतोय. क्लच तळापर्यंत दाबायचा असतो, आणि क्लच नसलेल्या गाडीत ब्रेकचं पेडल रुंद असल्यामुळे ते डाव्या पायाला सहज सापडतं. क्लचचा जोर ब्रेकवर पडला की दुसरं काय होणार?

पेडलच्या डाव्या कडेला पाय टेकायला तिरकी जागा असते. गाडी सुरू करण्याआधी डावा पाय तिथे रोवा आणि उतरेपर्यंत हलवू नका. काही जण तो सीटखाली मागे ओढून बसतात, मला ते पटत नाही. जोरात ब्रेक लावताना शरीर सावरायला तोच पाय लागतो. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, दोन्ही उजव्या पायाने. डाव्या पायाने ब्रेक लावायची फॅशन इंटरनेटवर दिसेल, तिच्या नादी लागू नका.

एरवी तुम्ही नीट चालवालही. पण जुनी सवय गडबडीतच डोकं वर काढते. म्हणून रविवारी पहाटे बीकेसीसारख्या रुंद, मोकळ्या रस्त्यावर जा, मागे कुणी नाही हे बघून ताशी तीस-चाळीसवरून मुद्दाम करकचून ब्रेक लावायचा सराव करा. घरात जुनी गिअरची गाडीही असेल तर निदान पहिले काही आठवडे एकाच दिवशी दोन्ही चालवू नका. आणि पावसाळ्यात ओल्या चपलेने गाडी चालवायची सवय असेल तर तीही इथेच सोडा.

प्रश्न : सासूबाई मागे बसल्या की पार्ल्याहून वरळी येईपर्यंत त्यांना मळमळायला लागतं. जुन्या डिझेल गाडीत एवढी वर्षं हिंडल्या, कधी त्रास झाला नाही. मी तर अगदी सावकाश चालवतो. गाडीतच काही बिघाड आहे का? – विलेपार्ल्याचे वाचक

गाडी ठीक आहे. सावकाश चालवणं आणि संथ चालवणं यांत मात्र फरक आहे.

डिझेल गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला तरी गाडी थोडी पुढे सरकत राहायची. इलेक्ट्रिकमध्ये पाय उचलला की मोटर जनरेटरचं काम करू लागते, चाकांच्या फिरण्यातून वीज तयार करून बॅटरीत भरते आणि त्या ओढीने गाडीचा वेग पडतो. यालाच रीजन म्हणतात. तुमचा पाय अजून जुन्या हिशोबाने पूर्ण उचलला जातो, मग गाडी मंदावली म्हणून पुन्हा दाबला जातो. माहीमच्या ट्रॅफिकमध्ये हे किती वेळा होतं ते बघा. प्रत्येक वेळी मागच्या माणसाची मान पुढे-मागे होते. त्यात इंजिनचा आवाज नाही, गिअर बदलल्याची चाहूल नाही. गाडी आता वेग घेणार की सोडणार हे कानांवरून आधीच कळायचं, ते बंद झालं. तुमच्या हातात स्टिअरिंग आहे म्हणून तुम्हाला काही वाटत नाही. मागे बसून मोबाइल बघणाऱ्याला मात्र नक्की त्रास होणार.

उपाय सोपे आहेत. घरची मंडळी बरोबर असताना रीजन सर्वांत कमी पातळीवर ठेवा. इको मोड असेल तर तोही लावा, ॲक्सिलरेटर जरा मवाळ होतो. आणि पेडल दिव्याच्या बटणासारखं न वापरता पंख्याच्या रेग्युलेटरसारखं वापरा. पाय उचलायचा नाही, सैल सोडत आणायचा. एकटे असाल तेव्हा एकेक पातळी वाढवत जा. पाय तयार झाला की तीच गाडी सासूबाईंना पालखीसारखी वाटेल. तोवर त्यांना पुढे बसवा आणि समोर रस्त्याकडे बघायला सांगा.

रीजन कमी ठेवलं तर रेंज जाईल ही भीती शहरात फारशी खरी नाही. बऱ्याच गाड्यांत ब्रेकचं पेडल हलकं दाबलं तरी आधी मोटरच वेग खेचते, ब्रेक पॅड नंतर लागतात. तुमच्या गाडीत तसं आहे का ते पुस्तिकेत बघून घ्या.

आता एक गोष्ट, जी शोरूममध्ये सहसा कुणी सांगत नाही. बॅटरी शंभर टक्के भरलेली असली की परत आलेली वीज ठेवायला तिच्यात जागा नसते, म्हणून रीजन कमी होतं किंवा लागतच नाही. रात्रभर चार्जिंग करून सकाळी सोसायटीच्या रॅम्पवरून उतरताना रोजच्यासारखी गाडी अडत नाही आणि माणूस दचकतो. ब्रेक शाबूत असतात, उजवा पाय तिकडे न्यायचा. रीजनची सवय झाली की पाय ब्रेकवर न्यायचंच विसरतो, हा त्यातला खरा धोका.

प्रश्न : रानडे रोडवर माणसं गाडीसमोरून हलतच नाहीत. हॉर्न दिला तर दचकतात आणि वर आपल्यालाच ऐकवतात. – दादरच्या वाचक

त्यांना तुमची गाडी ऐकूच येत नाही. मुंबईत रस्त्यावर चालणारा माणूस डोळ्यांपेक्षा पाठीमागच्या आवाजावर चालतो. कमी वेगात टायरचाही आवाज नसतो. काही गाड्या हळू चालताना बारीक गुणगुण करतात, पण दादरच्या गर्दीत ती कुठे ऐकू येणार? एकच उपाय, थांबा. हॉर्न द्यायचाच झाला तर लांबून आणि टिचकीएवढा.

त्या शांततेचा याहून मोठा धोका गाडीच्या आत आहे. इंजिन चालू नाही म्हणजे गाडी बंद आहे असं आपला कान सांगतो. डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिसत असेल तर गाडी चालू आहे, मग कितीही शांत असो. भाजी घ्यायला दार उघडून उतरायचं आणि आत मुलाचा पाय पेडलवर पडायचा, असं होऊ शकतं. उतरण्याआधी पी (पार्क), हँडब्रेक, मग गाडी बंद, हा क्रम कधी मोडायचा नाही.

प्रश्न : पुण्याला जाताना घाटात बॅटरीचे टक्के धडाधड उतरतात. पेट्रोल गाडी हायवेला उलट ॲव्हरेज द्यायची. परत येताना मी उतारावर न्यूट्रल टाकतो, जुनी सवय. त्याने थोडी बचत होते ना? – घाटकोपरचे वाचक

न्यूट्रल आधी सोडा. तो पेट्रोल गाडीतही धोक्याचाच होता, इथे तर नुकसानीचाही आहे. न्यूट्रलमध्ये रीजन बंद होतं. चढताना दिलेली वीज परत मिळायची वेळ येते, नेमकी तेव्हाच तुम्ही झोळी बंद करता. उतारावर डीमध्येच (ड्राइव्ह) राहा आणि रीजन वाढवा. ब्रेकही तापत नाहीत.

आता चढाचा हिशोब. खोपोलीहून लोणावळ्याला गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर चढते. माणसं-सामानासह गाडीचं वजन १,८०० किलो धरलं तर नुसतं वर उचलायलाच सुमारे २.७ युनिट लागतात, थोडी गळती धरून तीन. बॅटरी ४० युनिटची असेल तर सात-आठ टक्के निव्वळ उंचीसाठी गेले. घाटाचं अंतर कापायला लागणारी वीज त्याशिवाय. म्हणजे वीसेक किलोमीटरमध्ये पंधरा टक्के गेले तर घाबरायचं कारण नाही. येताना त्यातला चांगला भाग परत मिळतो, पूर्ण नाही.

ॲव्हरेजचं गणित इथे उलटं असतं. पेट्रोलचं इंजिन सिग्नलला उभ्या उभ्या इंधन जाळतं, म्हणून शहरात खातं आणि हायवेला देतं. इलेक्ट्रिक गाडी उभी असताना मोटर काहीच खात नाही. एसीला तासाला एखाद-दोन युनिट लागतात, म्हणजे पाऊण तास सायनला अडकलात तरी पाच-दहा किलोमीटरचीच रेंज जाईल. हायवेवर मात्र हवा आडवी येते. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. एक्स्प्रेसवेवर किंवा अटल सेतूवर सलग शंभरने जाऊन कंपनीने छापलेली रेंज मिळायची अपेक्षा धरू नका. पुण्याला पोचायला पाच-दहा मिनिटं उशीर चालत असेल तर नव्वदच्या आत राहा, आकडा लगेच सुधारतो.

प्रश्न : पाणी तुंबलं की ॲक्सिलरेटर दाबून धरायचा, सायलेन्सरमध्ये पाणी जाऊ द्यायचं नाही, असं वडिलांनी शिकवलं. इलेक्ट्रिकमध्ये काय करायचं? – अंधेरीचे वाचक

सायलेन्सरच नाही, तेव्हा दाबून धरायचं कारण उरलं नाही. इंजिनमध्ये पाणी ओढलं जाऊन ते जाम होणं हाही प्रकार इथे नाही. बॅटरीचा डबा बहुतेक गाड्यांत आयपी ६७ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत न येऊ देणारा असतो. त्याची चाचणी एक मीटर पाण्यात अर्धा तास अशी असते.

पण ही माहिती ऐकून कुणी मिलन सबवेत गाडी घालणार असेल तर मी ती मागे घेतो! ती चाचणी स्वच्छ, उभ्या पाण्यातली असते. हिंदमाताच्या पाण्यात गटार असतं, दगड असतात, उघडी मॅनहोल असतात. शिवाय फूटभर वाहत्या पाण्यात गाडीची चाकं उचलायला लागतात, मग ती कोणत्या इंधनावर चालते याला अर्थ राहत नाही. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसलं की गाडी वळवा. बंद पडलीच तर धक्का मारून चालू होणार नाही आणि दोरीने ओढूही देऊ नका. मोटरला जोडलेली चाकं जमिनीवर फिरली तर मोटर वीज तयार करते आणि बिघाड वाढू शकतो. गाडी आख्खी वर चढवून नेणारा ट्रकच मागवा.

पावसाचं आणखी एक. रीजनमुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत डिस्कवर गंज धरतो. आठवड्यातून एकदा रीजन शून्यावर ठेवून चार-सहा वेळा पेडलने नीट ब्रेक लावा, डिस्क घासून साफ होतात.

प्रश्न : गणपतीला चिपळूणच्या पुढे गावी जायचं आहे. घरचे म्हणतात, भाड्याची पेट्रोल गाडी करा. तुमचं मत? – बोरिवलीचे वाचक

स्वतःची न्या. मात्र पेट्रोल गाडीसारखे ऐन वेळी निघू नका.

आपल्याला टाकी फुल करून निघायची आणि काटा लाल झाला की पंप शोधायची सवय. फास्ट चार्जरवर ऐंशी टक्क्यांनंतर वेग पडतो, शेवटच्या वीस टक्क्यांत ताटकळत बसण्यापेक्षा ऐंशीला निघणं बरं. घरून शंभर टक्क्यांनी निघा. पहिला थांबा माणगाव-महाडच्या पट्ट्यात धरा आणि चाळीस टक्के शिल्लक असतानाच चार्जिंगला लावा. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत तिथे रांग असणार, एखादा चार्जर बंदही असेल. पुढच्यापर्यंत जाण्याइतकी वीज हातात असली की रांग बघून चिडचिड होत नाही. दोन-तीन कंपन्यांची ॲप आधीच घ्या आणि वॉलेटमध्ये पैसे घरूनच भरा. ऐन महामार्गावर ओटीपीची वाट बघत उभं राहणं फार वाईट. माणगावच्या कोंडीची मात्र चिंता नको, कोंडीत ही गाडी फार कमी खाते.

खरी परीक्षा गावच्या घरात. १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीनेक युनिट, म्हणजे रात्रभरात मोठा भाग भरतो. पण जुन्या कौलारू घरात अर्थिंग नसेल तर पोर्टेबल चार्जर लाल दिवा दाखवून हट्टाने बसतो. त्याला फसवायचे जुगाड लोक सांगतात, ते करू नका. गावातल्या वायरमनला आठवडाभर आधी सांगून अर्थिंग आणि वायरची जाडी तपासून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड नको. पहिल्या अर्ध्या तासानंतर प्लगला हात लावून बघा, चटका बसला तर बंद करा. पावसात गाडी चार्ज करायला हरकत नाही, चार्जरचं गाडीशी बोलणं झाल्याशिवाय चार्जिंगच्या गनमध्ये वीज येत नाही. भिजता कामा नये तो भिंतीवरचा सॉकेट.

प्रश्न : आमच्या टॉवरमध्ये स्टॅक पार्किंग आहे. इलेक्ट्रिक गाडी चालेल का? – लोअर परळचे वाचक

चार्जिंगची अडचण आहेच. जुन्या इमारतीत, मग वीज बेस्टची असो, अदानीची, टाटाची किंवा महावितरणची, निदान मीटररूमपासून स्वतःच्या जागेपर्यंत जाड वायर ओढता येते. घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्रीय वीज मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली आहे, हे सोसायटीला दाखवता येतं. पण एकावर एक गाड्या ठेवणाऱ्या स्टॅकमध्ये वर-खाली सरकणाऱ्या पॅलेटवर, म्हणजे गाडीखालच्या पाटावर, वायर नेणार कुठून? तुम्हाला तळाची कायमची जागा तरी मागावी लागेल, नाहीतर ऑफिसात किंवा बाहेर चार्जिंग करावं लागेल.

त्याआधी वजन. बॅटरीमुळे इलेक्ट्रिक गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा दोन-तीनशे किलोने जड असू शकते, मोठ्या एसयूव्हीत त्याहूनही जास्त. स्टॅकच्या प्रत्येक पॅलेटची वजनमर्यादा ठरलेली असते आणि ती यंत्रावर किंवा देखभाल कंपनीच्या कागदांत लिहिलेली असते. तो आकडा आणि घ्यायच्या गाडीचं माहितीपत्रकातलं वजन ताडून बघा, टोकन त्यानंतर द्या.